मावळा वीतभर चालतो, पण कुणाची वीत?

मांडवीतल्या आमच्या घरी दिवाळीचा किल्ला भाऊबीज झाली की मोडत नाहीत. फराळाचे डबे तळाला जातात, आकाशकंदील उतरतो, पण मागच्या चौकातला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत उभा असतो. खरी मजा तेव्हाच सुरू होते. चार दिवस महाराजांच्या सिंहासनासमोर नुसते उभे असलेले मातीचे मावळे आता लढाईला निघतात. गुजरातेत शाळांना दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी असते, त्यामुळे सैन्याला आणि सेनापतींना वेळच वेळ.

विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला, उतारावर पेरलेले आळीव, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे. कधी तो रायगड असतो, कधी राजगड, आणि एका वर्षी मुलांनी हट्टाने पावागड केला. बडोद्याच्या मुलांना तोच डोंगर जवळचा. आपल्या जुन्या शहराच्या चार दरवाजांपैकी एक चांपानेर दरवाजाच आहे. लढाई साधी: एक जण गड राखतो, दुसरा चढाई करतो. आळीपाळीने आपापली माणसे हलवायची. पेनाच्या नळीत स्प्रिंग बसवून केलेल्या तोफेतून सुका वाटाणा उडवायचा. ज्याला वाटाणा लागून तो आडवा झाला, तो गेला. शेवटी सिंहासनापाशी ज्याचे तीन मावळे, तो जिंकला.

तोफेवरून आमच्याकडे कधी भांडण झाले नाही. वाटाणा लागला की दिसतो. भांडणे झाली ती चालण्यावरून. म्हणून हा लेख फक्त चालीच्या नियमांवर आहे. खेळ लहान असला तरी नियमाचा अर्थ कसा लावायचा हा प्रश्न लहान नाही, आणि त्यापायी आमची एक सेनापती दोन दिवस चौकात उतरली नव्हती.

हा खेळ मोठी माणसेही खेळत आली

मातीच्या किंवा शिशाच्या शिपायांना हलवून लढाई खेळणे हा जगभर मोठ्या माणसांचाही छंद आहे. त्याचा एक पूर्वज जर्मन आहे. प्रशियात १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजाला एक टेबल करून दिले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते यांचे चौकोनी तुकडे मांडून हवा तो मुलूख तयार करता येई. त्यांच्या मुलाने, जो सैन्यात लेफ्टनंट होता, १८२४ साली त्याचे नियम छापले. त्यात एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. तेवढ्यात पायदळ किती पावले जाईल, घोडदळ किती जाईल, हे ठरलेले. दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाकडे जात आणि नकाशावरचे ठोकळे पंच हलवी. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला.

पुढे नियम आणि तक्ते इतके वाढले की खेळणारे कंटाळले. १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने उलटा मार्ग सांगितला: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरे. नियमावर चालायचे की पंचाच्या समजुतीवर, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

घरात खेळायच्या लढाईचे नाव घ्यायचे तर एच. जी. वेल्स यांचे घ्यावे लागते. परग्रहवासीयांच्या स्वारीची कादंबरी लिहिणारे तेच वेल्स. त्यांनी १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ हे छोटे पुस्तक काढले. त्यात चालीचा नियम असा: पायदळाचा शिपाई एका डावात एक फूट किंवा त्याहून कमी, घोडेस्वार दोन फूट किंवा त्याहून कमी. तोफ आपणहून हलत नाही; तिच्यापासून सहा इंचांच्या आत आपली निदान चार माणसे असतील तरच ती हलते. ‘किंवा त्याहून कमी’ हे तीन शब्द किती मोलाचे आहेत, ते आमच्या वहीत नसल्यामुळे आम्हाला कळले.

वहीतले एक वाक्य आणि चार प्रश्न

आमची वही थोरल्या काकांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केली. ते न्यायमंदिरात कारकून होते. जिल्हा न्यायालय तेव्हा तिथेच भरत असे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात आहे: ‘मावळा एक वीत चालतो. घोडेस्वार दोन वीत चालतो.’ याहून सोपे काय असणार? पण दरवर्षी या वाक्यातून एक नवा प्रश्न निघाला.

पहिला प्रश्न अर्थातच: कुणाची वीत? चौदा वर्षांच्या पुतण्याची बोटे लांब, दहा वर्षांच्या भाचीचा पंजा एवढासा. आपल्या जुन्या मापांत बारा अंगुळे म्हणजे वीत आणि दोन विती म्हणजे हात. पण अंगूळही ज्याचे त्याचेच. शेवटी निकाल आईने दिला, मुलांच्या आजीने. तिने स्वतःची वीत एका बांबूच्या कामटीवर धरली, मी तिथे खूण केली आणि कामटी कापली. ती २० सेंटीमीटर भरली. तेव्हापासून घरात एकच वीत, आजीची. माप कुठले घेतले याला महत्त्व नव्हते. ते कुणाही खेळाडूच्या हातात नव्हते, याला होते.

दुसरा प्रश्न: मोजायचे कुठून कुठपर्यंत? मातीच्या मावळ्याच्या पायाखाली बैठक असते, सुमारे चार सेंटीमीटरची. कामटी बैठकीच्या पुढच्या कडेला लावली आणि मावळा उचलून कामटीच्या टोकापलीकडे ठेवला, की तो २० नव्हे, २४ सेंटीमीटर पुढे जातो. पाच डावांत एक अख्खी वीत फुकट मिळते. लबाडी करायची नसली तरी हात आपोआप तसाच जातो. मापपट्टीने खेळल्या जाणाऱ्या सगळ्याच खेळांत ही चूक होते, आणि त्यावर उपाय एकच: पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत, किंवा मागच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. मावळ्याच्या ज्या भागापासून सुरुवात, त्याच भागाशी शेवट.

तिसरा प्रश्न भाषेचा. ‘एक वीत चालतो’ म्हणजे वीतभर चाललेच पाहिजे, की वीतभरापर्यंत चालू शकतो? पुतण्याने एकदा भाचीच्या मावळ्याला तळ्याच्या काठाशी पकडले. त्याचे म्हणणे, नियमात ‘चालतो’ आहे, ‘चालू शकतो’ नाही. म्हणून त्याने वीतभर जायलाच हवे, म्हणजे पाण्यात. अण्णा खुर्चीवरून हसून म्हणाले, ‘‘अरे, बस मांडवीहून स्टेशनला जाते असे म्हटले, तर मधे न्यायमंदिराला उतरणाऱ्याला कंडक्टर धरून ठेवतो का?’’ त्या संध्याकाळी वहीत ‘एक वीत’ खोडून ‘वीतभरापर्यंत’ असे झाले. वेल्स यांचे तीन शब्द आमच्याकडे एका प्रत्ययात मावले.

चौथा प्रश्न दरवाजाचा. किल्ल्याचा दरवाजा तीन सेंटीमीटर रुंद, घोडेस्वाराची बैठक पाच. शब्दशः पाहिले तर घोडेस्वार आत जाऊच शकत नाही. पण दरवाजा असतोच मुळी आत जाण्यासाठी, आणि बैठक हा काही घोड्याचा भाग नव्हे. मातीचा घोडा पडू नये म्हणून कुंभाराने केलेली ती सोय. तेव्हा ठरले: दरवाजातून कुणीही जाऊ शकतो, पण एका डावात एकच जण. इथे आम्ही शब्द सोडून हेतू धरला.

हेतूच्या नावाखाली काय काय चालते

हेतू धरायचा हे एकदा कळल्यावर मुलांनी त्याचा धडाका लावला. ‘‘काका, मावळे किती काटक होते! ते दीड वीत सहज जातील.’’ ‘‘मामा, रात्रीची वेळ आहे, पहारेकरी पेंगतात, त्यांनी अर्धीच वीत चालायची.’’ प्रत्येक वाक्यात थोडा इतिहास होता, आणि प्रत्येक वेळी तो बोलणाऱ्याच्याच फायद्याचा होता.

अण्णांनी इथे जो भेद सांगितला तो मला फार उपयोगी वाटतो. नियम लिहिताना इतिहास आणायचा, चाल करताना नाही. मावळे काटक होते हे खरेच. मग ते लढाई सुरू होण्याआधी लिहा आणि दोन्ही बाजूंच्या मावळ्यांना लागू करा. चाल करताना प्रश्न एवढाच, की लिहिलेल्या शब्दाचा अर्थ काय. शब्द गप्प असेल किंवा त्यातून हास्यास्पद काही निघत असेल, तरच हेतूकडे वळायचे. दरवाजाच्या बाबतीत शब्दातून वेडगळपणा निघत होता. ‘वीतभरापर्यंत’ मध्ये तसे काही नव्हते. तिथे दीड वीत मागणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे, नियम बदलणे.

चढाचा वाद

आता त्या दोन दिवसांविषयी. गेल्या खेपेचा किल्ला उंच झाला होता. पायथ्यापासून माथा ६० सेंटीमीटर उंच, आणि वरून पाहिले तर कडेपासून माथ्याखालच्या जागेपर्यंतचे आडवे अंतर ४५ सेंटीमीटर. काटकोन त्रिकोण आठवा: ४५ आणि ६० बाजू असतील तर तिरकी बाजू ७५. म्हणजे उतारावर दोरी लावून मोजले तर ७५ सेंटीमीटर, आणि डोक्यावरून आडवी कामटी धरून मोजले तर ४५. आजीच्या वितीने एकात चार डाव लागतात, दुसऱ्यात तीन. लढाईत एक डाव म्हणजे सगळे काही.

भाची चढत होती, पुतण्या गड राखत होता. ती वर जाऊ लागली तेव्हा तो म्हणाला, उतारावर दोरी लावून मोज; माणूस जमिनीवरून चालतो, हवेतून नाही. बरोबरच होते. तिने ऐकले. तीन डावांनंतर त्याची माणसे खाली तोफेकडे धावली तेव्हा त्याने कामटी वरून आडवी धरली. नकाशावर अंतर असेच मोजतात, म्हणाला. तेही चूक नव्हते. भाचीने आपली माणसे तिथेच ठेवली आणि उठली. ‘‘मामा, दादाला मी चढताना दोरी आठवते आणि तो उतरताना नकाशा,’’ एवढेच म्हणाली आणि आत गेली. सुट्टीला पुण्याहून आलेली मुलगी, खेळायला एवढीच जोडी. दोन दिवस किल्ला तसाच, आणि पुतण्याचेही तोंड उतरलेले.

दोन्ही अर्थ लागू शकत होते, म्हणूनच गाठ पक्की होती. कुठला अर्थ बरा, हा प्रश्न नंतरचा. आधी हे कळायला हवे होते, की अर्थ चाल पाहून निवडला की तो अर्थ राहत नाही. मोजण्याची पद्धत चाल करण्याआधी सांगितली असती आणि दोघांना एकच लावली असती, तर दोरी काय किंवा कामटी काय, खेळ झाला असता.

आधी विचारण्यात कमीपणा नाही, याचे एक मोठे उदाहरण बुद्धिबळात आहे. १९७४ साली मॉस्कोत कार्पोव आणि कोर्चनॉय यांचा सामना चालू होता. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, हे त्यावर ठरायचे होते. एका डावात कोर्चनॉय उठून पंचांकडे गेले आणि विचारून आले, की माझ्या हत्तीवर मारा असताना मला किल्लेकोट करता येतो ना? येतो; मारा राजावर किंवा राजाच्या वाटेवर नसला म्हणजे झाले. आयुष्यभर बुद्धिबळ खेळलेला माणूस, पण शंका आली तेव्हा चाल करण्याआधी विचारले.

बुद्धिबळात तर आपल्याकडे अर्थांचीच नव्हे, नियमांचीही दोन घराणी होती. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, किल्लेकोट नसे, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीतच तयार झाले होते. विलायतेत गेल्यावर प्याद्याची चालसुद्धा नव्याने अंगवळणी पाडावी लागली, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीच मिळवले. आमचे आजोबा पट मांडताना समोरच्याला आधी विचारीत, ‘‘देशी की विलायती?’’ त्या तीन शब्दांत अर्धी भांडणे मिटत.

आणि नियम लिहून ठेवण्याची बडोद्याला सवयच आहे. हुतूतूच्या नियमांच्या इतिहासात इथल्या हिंद विजय जिमखान्याचे नाव येते, आणि द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश याच गावातून निघाला. गावोगावी एकच खेळ वेगवेगळा खेळला जात असेल, तर एकत्र खेळण्याआधी कुणीतरी बसून लिहावेच लागते.

ज्याचा तोटा, त्याने लिहायचे

तिसऱ्या दिवशी चौकात बैठक झाली. अण्णांनी निकाल द्यायचे साफ नाकारले. ‘‘मी सांगितले तर तुम्ही ऐकाल, पण उद्या नवी शंका आली की पुन्हा मलाच हाक माराल.’’ त्यांनी दुसरीच पद्धत सुचवली. नियमाचा तोटा ज्याला झाला त्याने नवा नियम लिहायचा. ज्याला फायदा झाला त्याने तो वाचून त्यातली पळवाट शोधायची. पळवाट उरली नाही की दोघांनी सही करायची. लाडू एकाने मोडायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तशातलाच हा प्रकार.

भाचीने लिहिले: ‘अंतर नेहमी वरून कामटी आडवी धरून मोजायचे.’ पुतण्याने लगेच पळवाट काढली: मग उभा कडा चढायला शून्य अंतर! तिने भर घातली: ‘चढताना वीतभराऐवजी अर्धी वीत.’ त्याने विचारले, चढ कशाला म्हणायचे? तिने लिहिले: ‘जिथे मावळा ठेवल्यावर हात सोडला तर घसरतो, तो चढ. तिथे त्याला टेकू द्यायची परवानगी.’ मग तो म्हणाला, उतरताना? थोडा वाद होऊन ‘उतरताना पूर्ण वीत’ ठरले. उभ्या कड्यावरून कुणीच नाही, ना वर ना खाली.

हे मला डोंगर चढणाऱ्यांच्या एका जुन्या हिशेबाजवळचे वाटले. स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ साली तो सांगितला: दर तीन मैलांना एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे साधारण पाच किलोमीटर चालताना सहाशे मीटर चढलात, तर एकाऐवजी दोन तास, बरोबर निम्मा वेग. आमचा मातीचा किल्ला त्याहून कितीतरी उभा होता, पण खेळाला सोपा आकडा हवा असतो, आणि अर्धी वीत मुलांनी स्वतः शोधलेली होती. नव्या नियमाने त्या किल्ल्यावर चढायला पाच डाव लागू लागले. म्हणजे चढणाऱ्या भाचीचेच काम जास्त अवघड झाले. तरी तिने आनंदाने सही केली. नियम कडक असल्याबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती.

आमची वही आज अशी आहे

वाचकांना खेळायचा असेल तर चालीचे नियम जसेच्या तसे देतो. आपापल्या घराप्रमाणे बदला, मात्र लढाईआधी.

१. माप एकच, कामटीवर कापलेले. हाताने मोजायचे नाही.
२. मावळा वीतभरापर्यंत, घोडेस्वार दोन वितींपर्यंत. न हलणेही चालते.
३. बैठकीच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजायचे.
४. अंतर वरून, कामटी आडवी धरून. चढताना निम्मे अंतर, उतरताना पूर्ण, उभ्या कड्यावरून कुणी नाही.
५. आपल्या माणसांच्या मधून जाता येते, शत्रूच्या नाही. दरवाजातून एका डावात एक.
६. शंका असेल तर मावळा उचलण्याआधी विचारायचे. उचलल्यावर विचारलेली शंका पुढच्या डावासाठी.
७. वहीत उत्तर नसेल तर कवडी उडवायची आणि खेळ पुढे न्यायचा. कवडीचा निकाल ती लढाई संपेपर्यंत दोघांना लागू.
८. रात्री जेवणानंतर नवा नियम लिहायचा: ज्याचा तोटा झाला त्याने लिहायचा, दुसऱ्याने पळवाट शोधायची, दोघांची सही.

सातव्या नियमाबद्दल एक शब्द. शिपायांचे खेळ खेळणारी मोठी माणसेही शंकेच्या वेळी फासा टाकून पुढे जातात आणि चर्चा नंतर करतात. समोरच्याला वाट पाहायला लावून अर्धा तास वाद घालण्यापेक्षा कवडीचा अन्याय परवडतो, कारण तो कुणी कुणावर केलेला नसतो.

यंदा किल्ला कराल तेव्हा भाऊबीजेनंतर त्याला आणखी आठ-दहा दिवस राहू द्या. मुलांच्या हाती एक कोरी वही आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या वितीची कामटी द्या. पहिली लढाई निकाल लागेपर्यंत जाणार नाही, वादात अडकेल. अडकू द्या, आणि रात्री वही उघडा. तुमच्याकडे नववा नियम तयार झाला तर आम्हालाही कळवा. भाची आणि पुतण्या दोघेही त्यातली पळवाट शोधायला बसलेच आहेत.